खड्यांपुरती रजा

"मावशी, घे!"

शेपूट दोन्ही हात वर करून टेबलापलीकडे उभा होता. पाळणाघरात मुलं अजून येत होती. चपलांच्या कप्प्यांपुढे गर्दी झाली होती, कुणाचा डावा बूट उजव्या पायात अडकला होता, आणि मावशी एका बुटक्या टेबलामागे उभी होती. सकाळी आल्याआल्या तिने ते टेबल गाण्याच्या बाईंकडून दारासमोर सरकवून घेतलं होतं. "हजेरी घ्यायला बरं पडेल," असं सांगून. टेबल मध्ये असलं की मुलं धावत येऊन पोटावर आदळत नाहीत, हे तिने सांगितलं नाही.

"आज आपण चालत जायचं हं," ती म्हणाली. "मोठी मुलं चालतच जातात ना?"

"मी मोठा नाहीये," शेपूट म्हणाला. हात तसेच वर.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो तीन वर्षांचाही नव्हता. मावशी जाईल तिथे मागे मागे जायचा, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत.

"अहो, घ्या की त्याला!" गाण्याच्या बाई म्हणाल्या. मुलांना त्या गाणी शिकवायच्या आणि बोलायच्याही चालीवर. "तुम्ही रजेवर असताना नुसता तुमच्या नावाने गळा काढत होता. बदलीवर आलेल्या बाईंच्या कडेवर बसेल तर शपथ!"

"टाके ओढतात अजून."

"अजून? कमालच आहे बाई. माझ्या दिराचे पित्ताचे खडे काढले ना, तर आठवड्यात गडी बायकोला स्कूटरवर मागे बसवून फिरायला गेला. आणि माझी जाऊ म्हणजे काय, तुम्ही पाहिलंय तिला! एकटी बसली तरी स्कूटर बसते."

मावशी हसली. हसताना तिने तळहाताने पोट दाबून धरलं.

तिला खडे कधी झालेच नव्हते.

तिचं जठर कापून लहान केलं होतं. जिथे पिशवी होती तिथे आता एक अरुंद नळी उरली होती. वजनामुळे गुडघे गेले होते, साखर वाढली होती. पण ऑपरेशनचा निर्णय तिने घेतला तो एका दुपारी. त्या दुपारी एक मुलगी उघड्या फाटकातून रस्त्यावर धावली आणि चटईवर बसलेल्या मावशीला वेळेवर उठताच आलं नाही. एका गाडीवाल्याने करकचून ब्रेक लावला. काही झालं नाही. कुणी मावशीला बोललंही नाही. पण मुलं सांभाळणाऱ्या बाईला धावता येत नसेल तर ती मुलं सांभाळत नाही, नुसती मुलांत बसलेली असते, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "काम काय करता?"

"मुलं सांभाळते."

"म्हणजे उचलणं आलं. बसून काम असतं तर दोन-तीन आठवड्यांत जा म्हणालो असतो. तुम्ही मात्र दीड महिना कामाचं नाव काढू नका. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही."

दीड महिना मागायचा तर कारण सांगायला हवं होतं. आणि पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई मागे एकदा चहा पिताना, दुसऱ्याच कुणाबद्दल, म्हणाल्या होत्या, "वजन उतरवायला माणूस सकाळी चालायला जातो, रजेवर नाही जात." सगळ्या हसल्या होत्या. सगळ्यांत मोठ्याने मावशीच हसली होती.

म्हणून तिने खडे सांगितले. खडे कुणालाही होतात, त्यात कुणाची चूक नसते. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. आजाराचं नाव उसनं घेतलं की त्याबरोबर त्याची रजाही येते. खड्यांना किती दिवस लागतात ते प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकाचा कुणी ना कुणी दीर होता. मोठ्या बाईंनी दोन आठवडे दिले आणि वर म्हणाल्या, "जरा जास्तच देतेय हं, तुमचं वय बघून." आता आणखी मागायचे कसे?

आज निघताना नवरा म्हणाला होता, "अगं, खरं सांगून टाक ना एकदाचं."

"काय सांगू? तोंडावर ताबा नव्हता म्हणून पोट कापून घेतलं?"

"असं कोण म्हणतंय?"

"तुमच्या आई म्हणाल्या. परवा, फोनवर कुणाशी तरी बोलताना. मी स्वयंपाकघरात होते, बहिरी नव्हते."

 तो तिची पिशवी उचलून कोपऱ्यापर्यंत सोबत आला, एवढंच.

दुपारी मुलांची जेवणं झाल्यावर बायका स्वयंपाकघरात बसल्या. गाण्याच्या बाईंनी घरून केक आणला होता. "मावशी परत आल्या म्हणून! पहाटे उठून केलाय. पहिला घास तुम्ही घ्यायचा."

"मला नको. अजून पातळच चाललंय."

"पातळ? खड्यांना तळलेलं चालत नाही, केकला काय धाड भरली? माझा दीर तर..."

दीर पुन्हा आला म्हटल्यावर मावशीने घास घेतला. खोट्याची गंमत अशी, की ते सांगताना एकदाच सांगावं लागतं, पण खावं रोज लागतं.

घास छातीच्या मध्यावर जाऊन थांबला. खाली जाईना, वर येईना. तोंडात लाळ दाटली, कपाळावर घाम आला. "आलेच," म्हणून ती उठली आणि समोर दिसलं त्या मुलांच्या न्हाणीघरात शिरली. तिथली दारं मुलांच्या मापाची, मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत येणारी, आणि कडी नसलेली. लपायला जागाच नव्हती. ती भिंतीला धरून वाकली. बऱ्याच वेळाने घास बाहेर आला तेव्हा दाराच्या फटीतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

"मावशी, तू नीट चावलं नाहीस?" शेपटाने विचारलं. जेवताना ती त्याला रोज हेच विचारायची.

"नाही रे राजा. चुकलंच माझं."

"मी बाईंना सांगू?"

"नको."

"का?"

लहान मुलांच्या 'का'ला मावशी कधी खोटं उत्तर देत नसे. तिने तोंडावर पाणी मारलं. "मला लाज वाटते म्हणून."

शेपटाने थोडा विचार केला. "चड्डी ओली झाली की मी पण नाही सांगत," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण ती ओलीच राहते."

मावशीने पदराने तोंड पुसलं. 

जेवणानंतर मुलांच्या झोपेची वेळ. चटया अंथरल्या, पडदे ओढले. इतर दिवशी मावशी भिंतीला टेकून बसायची, शेपूट तिच्या पोटावर पालथा पडायचा आणि गाणं संपायच्या आत झोपायचा. आज ती उभीच राहिली. शेपटाने तिच्या साडीला धरून चढायचा प्रयत्न केला. तिने त्याला हाताने अलगद थोपवलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला, तिने पुन्हा थोपवलं. तिसऱ्यांदा मात्र त्याने असा टाहो फोडला की शेजारच्या दोन मुली उठून बसल्या आणि काय झालं ते न कळताच सोबतीला रडू लागल्या.

मोठ्या बाई दारात आल्या. "काय चाललंय हे? आजच नेमके नवे पालक चौकशीला येणार आहेत. मावशी, घ्या ना त्याला."

"थोडा वेळ रडेल, मग थांबेल."

"थांबेपर्यंत सगळं पाळणाघर उठेल. कामावर आलाय ना तुम्ही? मग घ्या की."

मावशी वाकली. तिने शेपटाच्या काखेत हात घातले. त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या आणि तिच्या पोटात डाव्या बाजूला काहीतरी कचकन ओढलं गेलं. तिने त्याला तिथेच खाली ठेवलं आणि डोळ्यांपुढचा अंधार जाईपर्यंत भिंत धरून उभी राहिली.

"मला उचलता येणार नाही," ती म्हणाली. "ऑपरेशनला दीड महिना होईपर्यंत तरी नाही. माझे खडे काढलेले नाहीत. वजनासाठी ऑपरेशन केलंय. जठराचं."

मुलं रडतच होती.

"म्हणजे तो केक..." गाण्याच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अहो मावशी, मी बळेच भरवला की हो तुम्हाला."

मोठ्या बाई खाली वाकून एका मुलीचं पांघरूण सारखं करत राहिल्या. ते आधीच सारखं होतं. "मग दीड महिन्याचीच रजा मागायची होती," त्या वर न बघता म्हणाल्या.

"मागितली असती तर दिली असतीत?"

 "माहीत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या. "घरी जा आता. बरं वाटेपर्यंत येऊ नका. बदलीच्या बाईंना मी उद्यापासून बोलावते."

"आणि मी परत आले की?"

"ते तेव्हा बघू."

त्या गेल्या. गाण्याच्या बाईंनी दोन्ही मुलींना थोपटायला घेतलं. मावशीची पिशवी खुंटीला होती, तिला लगेच निघता आलं असतं. पण शेपूट हुंदके गिळत तिथेच बसला होता आणि आता हातही वर करत नव्हता.

मावशीने भिंतीला धरलं. आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा, मग कोपर, आणि हळूहळू कुशीवर कलंडत ती त्याच्या चटईवर आडवी झाली.

"पोटाला बाऊ झालाय," तिने त्याला सांगितलं. "पाठीला नाही झालेला."

शेपूट उठला, वळसा घालून पलीकडे गेला आणि तिच्या पाठीला चिकटून पडला. थोड्या वेळाने त्याचा श्वास संथ झाला. तिच्या मानेवर तो गरम गरम लागत होता.

गाण्याच्या बाई पावलं न वाजवता जवळ आल्या. "झोपला हो," त्या कुजबुजल्या. "हात देऊ? उठता का?"

मावशीने मान हलवून नको म्हटलं. कुशी बदलली असती तर तो उठला असता, आणि कुणाचा तरी हात धरल्याशिवाय तिला आता उठता येणार नव्हतं. बाई परत आपल्या जागी गेल्या. मावशी भिंतीकडे तोंड करून तशीच पडून राहिली. पडद्यातून उन्हाची एक पट्टी येऊन भिंतीवर पडली होती. ती सरकते का, ते ती बघत राहिली.