काचेच्या कपाटातली हंडी

१४ नोव्हेंबर. कोरडी थंडी, सकाळपासून समुद्राकडून बोचरा वारा.

मी गुमसिलची हंडी बोलतेय. मातीची, तळाला सात भोकं असलेली. खाली पाणी उकळतं, माझ्या पोटात तांदळाचं पीठ आणि लाल चवळीचे थर. कडेला कणकेची पट्टी लावली की वाफेची काय बिशाद बाहेर पडायची! आधी गुमसिलच्या आईकडे, मग तिच्याकडे, एकतीस वर्षं मी वड्या वाफवल्या. आणि त्या दिवशी मी काचेच्या कपाटात होते. गळ्यात पाटी: 'आपली परंपरा'. अंगाची नुसती लाही होत होती.

गुमसिल कामाला होती तो मासळीचा कारखाना बंद पडला, तेव्हा कोरियातल्या आमच्या दुआम बाजारातल्या सरकारी नवउद्योग केंद्रानं तिला सहा महिन्यांसाठी गाळा दिला. धंदा उभा राहिला तर गाळा कायम, नाहीतर बाहेर. केंद्राचे सल्लागार, छे आडनावाचे साहेब, मला बघून म्हणाले, "ही फोटोत छान दिसेल. शिजवायला आमचं स्टीलचं यंत्र वापरा." त्या यंत्रात वड्यांना पाणी सुटायचं.

आमच्याकडे नवं दुकान उघडलं की पहिल्या वड्या शेजाऱ्यांना जातात. साहेब म्हणाले, "फुकट वाटायचं नाही हं! पाहुण्यांपुरतंच करा. शेजारी म्हणजे स्पर्धक." टोफू विकणारी म्हातारी म्हणे स्पर्धक! गुमसिलनं ऐकलं, आणि तिथंच चुकलं. उद्घाटनाला पाहुण्यांनी फीत कापली, फोटो काढले, अर्ध्या वड्या टाकून गेले. पुढचे चाळीस दिवस बाजारातलं कुणी तिच्या दारात फिरकलं नाही. केंद्रात मात्र 'ग्राहकाचं मन' यावर तीन व्याख्यानं झाली.

१४ नोव्हेंबरच्या त्या दुपारी टोफूवाल्या बोंगन्यो मावशी आल्या आणि फळीवर थाप मारून म्हणाल्या, "काय गं, आम्ही परके का? दुकान उघडलंस, तुकडासुद्धा नाही! म्हटलं, मोठी सरकारी बाई झाली."

"मावशी, साहेब म्हणाले होते..."

"मग साहेबच खातात वाटतं रोज तुझ्या वड्या?"

गुमसिलनं कपाट उघडलं, पाटी काढून फेकली आणि मला चुलीवर चढवलं. संध्याकाळपर्यंत बाजारातल्या प्रत्येक दुकानात गरम वडी पोचली. इथं ताटली रिकामी परत करत नाहीत. एकीत टोफू आला, एकीत सुकी मासळी, एकीसोबत साठीच्या समारंभासाठी वड्यांची मागणी. गिरणीवाले म्हणाले, "पहाटेचं पहिलं दळण तुझं."

छे साहेबांनी वहीत लिहिलं: नियमबाह्य भांडं, विनापरवाना वाटप. चाळीस दिवस यंत्रातल्या चिकट वड्या त्यांना दिसल्या नाहीत, माझी माती लगेच दिसली! ज्यांनी तिला हात दिला, त्यांच्यातल्या एकाचंही नाव अहवालात नाही. फोटोत मात्र मी आहे, कपाटातली.

३१ मार्च. मूल्यमापनात शंभरपैकी अडतीस गुण. गाळा काढून घेतला. १ एप्रिलपासून गुमसिल बोंगन्यो मावशींच्या दुकानातल्या अर्ध्या फळीवर वड्या विकते. मी दिवसातून चारदा चुलीवर चढते. दुपारी दोनपर्यंत वड्या संपतात.