पाठमोऱ्या माणसाशी बोलणं

समुद्रकिनारी हॉटेल परवडणारं नव्हतं, म्हणून धाकट्या दिराचा तंबू मागून आणला होता. त्याची एक काठी हरवलेली. नवरा फिटर; त्यानं तिथे घरच्या झाडूचा दांडा बसवला. पत्र्याच्या कारखान्यात हयात गेलेली, त्यामुळे असली कामं त्याच्या हातचा मळ. बायको बालवाडीत शिकवायची, म्हणून गल्लीत तिला सगळे बाईच म्हणत.

सकाळी दोघं कमरेएवढ्या पाण्यात मनसोक्त डुंबली. मग चटईवर बसून पाव, उकडलेली अंडी आणि थोडी वाळूही खाल्ली.

"वाळूत मीठ बरोबर पडलंय," तो म्हणाला.

तिला हसू आलं, पण ओठांपर्यंतच. इथे यायचं तिच्या जिवावरच आलं होतं. वर्षभर ती जणू भिंतींशीच बोलत होती. विचारावं एक, तर उत्तर भलतंच, नाहीतर नुसतं ‘हं’. एका संध्याकाळी तो बेसिनपाशी हात धूत असताना ती त्याच्या पाठीला म्हणाली होती, "तुम्ही घरात असलात तरी मला एकटंच वाटतं हल्ली." त्यानं हात पुसले आणि दिवा लावायला गेला. हेच त्याचं उत्तर, असं धरून तिनं बोलणंच कमी केलं.

खाणं झाल्यावर तो पाण्याकडे तोंड करून ओल्या वाळूत बसला. ती तंबूबाहेर डबे धूत होती. अचानक वारा फिरला, खुंट्या उपटल्या आणि तंबू फुगून कोलांट्या खात निघाला.

"अहो! तंबू धरा!"

बालवाडी गप्प करणारा आवाज तो! लांब चेंडू खेळणारी माणसंसुद्धा वळली. तो मात्र ढिम्म. तंबू अगदी बाजूनं गेला, अंगावर सावली पडली, तेव्हा कुठे तो दचकून उठला आणि धावला. गुडघाभर पाण्यात त्यानं तंबूला मिठीच मारली.

निथळत परत आला आणि म्हणाला, "हाक तरी मारायचीस!"

तिच्या तोंडाशी आलेला राग तिथेच थिजला. तो तंबू पसरायला वाकला, तशी ती त्याच्या मागे उभी राहून म्हणाली, "चहा घेणार?" काहीच नाही. मोठ्यानं विचारलं. तरी नाही. मग ती वळसा घालून त्याच्या पुढ्यात आली.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"लाटांचा आवाज आहे ना."

"घरात लाटा नव्हत्या."

त्यानं खुंटीची वाळू झटकली. "उजवा कान कधीच गेला. आता डावाही चाललाय. कारखान्यात कळलं तर मशीनवरून काढतील. आणि तुला सांगितलं असतं, तर तू माझ्याशी बालवाडीतल्या पोरांसारखं बोलली असतीस. समोर असलीस की ओठांवरून कळतं मला."

ती त्याच्यासमोर वाळूत बसली. वर्षभर उगाच कुढलो, असं तिला वाटलं. पण पुढ्यात येऊन पुन्हा एकदा विचारणं तिलाही जमलं नव्हतं. खरंच नको असलेलं उत्तर मिळालं तर, ही धास्ती होतीच की.

"काय काय बोललीस माझ्या पाठीशी?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ. नळ गळतोय म्हणाले होते."

"दुरुस्त केला की!"

"गळताना दिसला म्हणून!"

मग बेसिनपाशी म्हटलेलं वाक्य तिनं त्याच्याकडे बघत, सावकाश पुन्हा म्हटलं. तो तिच्या ओठांवरची नजर काढीना.

"मलाही वाटायचं," तो म्हणाला. "तुझे ओठ हलेनासे झाले ना, तेव्हापासून. म्हटलं, कंटाळली मला."

ती रडलीही आणि हसलीही. परत गेल्यावर आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं, असं ठरलं.

"पण आवाज चढवायचा नाही," त्यानं बजावलं.

"नाही चढवत. समोर येऊन बोलेन."

ओला तंबू वाळत पडला होता. ऊन उतरेपर्यंत दोघं समोरासमोर मांडी घालून, हातवारे करत इतकं बोलली, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, नवरा-बायकोचं चांगलंच जुंपलंय.