कोरडा डबा

मित्रांनो, जमिनीपासून वीतभर उंचीवर, खिडकीखालच्या कोपऱ्यात राहणारा मी पितळेचा एक जुना व्हॉल्व्ह आहे. बफेलो शहरातल्या एका दुमजली लाकडी घरात वरच्या मजल्यावर मला बसवले, त्याला आता सत्तर हिवाळे झाले. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, हे मला नीट ठाऊक नाही. तरी सांगतो.

आमच्या तळघरात बॉयलर आहे. त्याची वाफ एका नळातून वर चढते आणि माझ्यातून खोली उबदार ठेवणाऱ्या लोखंडी रेडिएटरमध्ये जाते. तिथे थंड होऊन तिचे पाणी होते आणि ते त्याच नळाने खाली उतरते. म्हणून मला एक तर पूर्ण उघडावे लागते, नाहीतर पूर्ण बंद करावे लागते. अर्धवट ठेवले, की चढणारी वाफ आणि उतरणारे पाणी माझ्या गळ्यात एकमेकांवर आदळतात आणि नळ ठोके देऊ लागतो.

मला बसवले घराचे मालक इग्नात्सीबाबांनी. ते नळकाम करत. दर शरद ऋतूत ते बॉयलर बंद ठेवून माझा नट सोडत, पाणी झिरपू नये म्हणून माझ्या मुठीच्या दांड्याभोवती नवी काळी दोरी गुंडाळत आणि फडक्याने मला पुसत. "याचा आवाज ऐकलात कधी?" असे शेजाऱ्यांना अभिमानाने विचारत. मुलांना एकच सांगत, "पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. मधलं काही नाही." ते माझे सुखाचे दिवस होते.

बाबा गेले. खाली त्यांची मुलगी गेनोवेफा राहू लागली, वर तिचा धाकटा भाऊ काझिमिर. काझिमिरला वाचनाचे वेड. त्याची खुर्ची माझ्या शेजारीच असे. उकडू लागले, की तो पुस्तकातून मान वर न काढता मला अर्धा फिरवी. मी ठोके देई. "म्हातारा कुरकुरतोय," असे म्हणून तो पान उलटी.

हळूहळू माझ्या दांड्यापाशी पाणी झिरपू लागले. त्याने खाली कॉफीचा रिकामा डबा ठेवला. एका संध्याकाळी गेनोवेफा जिन्यात उभी राहून म्हणाली, "काझिक, माझ्या छताला डाग पडलाय."

"जुना असेल गं, ताई."

"जुने डाग वाढत नाहीत. हा वाढतोय."

त्याने पाना आणला आणि वरचा नट करकचून आवळला. दोरी बदलली नाही. पण डबा कोरडा राहिला आणि तो खूश झाला. मित्रांनो, ठोक्यांनी माझा खालचा सांधाही सैल झाला होता. तिथले पाणी नळावरून ओघळत सरळ जमिनीत मुरत होते. डब्यात ते पडणार कसे?

"ताई, डबा कोरडा ठणठणीत आहे," तो जिन्यातून सांगे.

"मग माझं डोकं गळत असेल," ती म्हणे. "एकदा खाली येऊन बघ तरी."

"रविवारी येतो." असे पाच रविवार गेले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो जेवायला खाली गेला. पुढचे मी नळातून ऐकले. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली, येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून, गवत अंथरलेले होते. ताटे तीन होती. तिसरे रीतीप्रमाणे अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी, आणि त्यापुढे बाबांची खुर्ची. पहिला तारा दिसला, म्हणजे जेवायला बसायची वेळ झाली. गेनोवेफाने कागदासारखी पातळ, पांढरी पोळी भावासमोर धरली. दोघांनी तिचा तुकडा मोडायचा आणि वर्षभराचे रुसवे सोडायचे, अशी बाबांच्या मायदेशातली चाल. तेवढ्यात छताचा ओला गिलावा त्या तिसऱ्या ताटात कोसळला.

गेनोवेफाने आधी छताकडे, मग ताटाकडे पाहिले.

"आला पाहुणा," गेनोवेफा म्हणाली.

"ताई, डबा खरंच कोरडा—"

"तोच सांभाळ. माझ्या डोळ्यांपेक्षा तुला तो खरा वाटला."

तिने पोळी न मोडता पाकिटात ठेवली. वसंतात ती क्लीव्हलँडला भाचीकडे राहायला गेली.

ती गेल्यावर काझिमिरने बॉयलर बंद करून मला थंड होऊ दिले. नट सोडला, नवी दोरी गुंडाळली. मग प्रथमच तो जमिनीवर आडवा झाला आणि त्याने खालचा सांधा पाहिला. एका पान्याने नळ धरून दुसऱ्याने तो आवळला. सगळे मिळून पाऊण तास लागला. नंतर तो तसाच जमिनीवर बसून राहिला.

आता मी गळत नाही. तो मला पूर्ण उघडतो आणि उकडले तर स्वेटर काढतो. या नाताळात त्याने आपल्या वाट्याचा कोपरा मोडून घेतलेली एक पोळी टपालाने ताईला पाठवली. उत्तर अजून आलेले नाही. माझे ठोके नीट समजतील असे मला देता आले असते, तर कदाचित असे झाले नसते. ते मनातून जात नाही.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. खालून कोणी गळते आहे म्हणाले, तर आपला डबा पाहत बसू नका. खाली जा, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून वर बघा.