पासवर्ड बदलला तर सांगायचं तरी

दादांच्या कंपनीत अकरा माणसं होती आणि फाइल एकच. तशा फाइली हजारो होत्या, पण दादा नुसतं "फाइल" म्हणाले की कुठली ते सगळ्यांना कळायचं. तिचं नाव होतं "महत्त्वाचे". साधी नोटपॅडमध्ये उघडणारी, कुलूप नाही की कडी नाही. सर्व्हर, डेटाबेस, मेल, ग्राहकांना मेसेज पाठवणारी सेवा, सगळ्यांचे पासवर्ड तिच्यात ओळीनं मांडलेले, आणि ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून ती उघडायची.

"आपल्याकडे लपवाछपवी नाही," दादा छाती पुढे काढून सांगायचे.

कंपनी जनावरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठल्या कुत्र्याला सुई कधी द्यायची, कुठल्या मांजरीचे टाके कधी काढायचे, मालकाचा पत्ता काय, फोन काय, सगळं त्यात.

धाकटी म्हणजे दादांच्या धाकट्या भावाची बायको. घरात आणि ऑफिसात तिला याच नावानं ओळखत. लग्नाआधी नऊ वर्षं तिनं एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर सुरक्षेचं काम केलं होतं. त्यामुळे ऑफिसात पहिल्याच दिवशी दादांनी तिला प्रिंटर कसा चालवायचा ते दाखवलं.

फाइलीबद्दल ती दोन वर्षं सांगत होती. दादा हसून म्हणायचे, "बघू." मग चाळीस दवाखाने चालवणाऱ्या एका मोठ्या ग्राहकानं करार वाढवण्याआधी प्रश्नावली पाठवली. पहिलाच प्रश्न होता, पासवर्ड कुठे ठेवता? दादांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं, "सुरक्षित ठिकाणी." ग्राहकानं उलट विचारलं, कुठल्या? तेव्हा कुठे दादांना धाकटीची आठवण झाली.

"ते तुझं काय ते, पासवर्ड मॅनेजर. दोन आठवड्यांत करून टाक. उचलायचं आणि तिकडे ठेवायचं, एवढंच ना?"

"ठेवायचं, आणि सगळे बदलायचे, दादा. आजवर कोणी कोणी वाचलेत, आपल्याला माहीत नाही."

"आपलीच माणसं. बदलायचं कशाला?"

धाकटी वाद घालत बसली नाही. तिनं पासवर्ड मॅनेजर उभा केला. एक बंद तिजोरीच ती; ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याला उघडणार, आणि कोणी कधी काय उघडलं याची नोंद राहणार. मग ती फाइल उपसायला बसली. फाइलीच्या चौदा प्रती निघाल्या: "महत्त्वाचे नवीन", "महत्त्वाचे खरे", "महत्त्वाचे हीच वापरा". उरलेले पासवर्ड थेट प्रोग्रामच्या ओळींमध्ये लिहून ठेवलेले. एकूण त्रेसष्ट. त्यातल्या एकवीस ठिकाणी दादांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर.

एका ओळीपुढे मात्र कशाचा पासवर्ड ते लिहिलंच नव्हतं. नुसतं "जुनं. काढू नका!!!" एवढंच.

"हे कशाचं आहे, दादा?"

"काढू नका लिहिलंय ना? मग काढू नको."

"लिहिलंय कोणी?"

दादा खिडकीबाहेर बघायला लागले. पलीकडच्या टेबलावर हिशेब बघणाऱ्या जाऊबाई वर न बघता म्हणाल्या, "माझ्या भावानं."

जाऊबाईंचा हा भाऊ, म्हणजे दादांचा मेहुणा, पूर्वी इथेच होता. चार वर्षांपूर्वी दार आपटून गेला आणि दोन गल्ल्या सोडून त्यानं हाच धंदा थाटला.

मंगळवारी सकाळी धाकटीनं तो पासवर्ड बदलला आणि काय बंद पडतंय याची वाट बघत बसली. काहीच बंद पडलं नाही. अर्ध्या तासानं दादांचा फोन वाजला. चारचौघांना ऐकू जावं म्हणून दादा नेहमी स्पीकरवरच बोलत.

"दाजी, पासवर्ड बदलला का? सकाळपासून आत जाता येत नाहीये. बदलला तर सांगायचं तरी!"

"असं होय? थांब हं," दादा म्हणाले आणि मान वळवून मोठ्यानं ओरडले, "धाकटे, याला नवीन पासवर्ड दे गं!"

धाकटी उठून फोनजवळ आली. "भाऊ, तुम्ही रोज आत येऊन काय बघता?"

"रोज कुठे?" मेहुणा दुखावल्या आवाजात म्हणाला. "आठवड्यातून दोनदा फार तर."

जाऊबाई उभ्या राहिल्या. चार वर्षांत सात दवाखाने कंपनी सोडून त्यांच्या भावाकडे गेले होते आणि प्रत्येक जण नेमका करार संपायच्या महिन्यात.

"कुणाचा करार कधी संपतो ते तुला कसं कळतं, मी विचारलं होतं तुला," त्या फोनवर वाकून म्हणाल्या. "तू म्हणालास, अंदाज. चांगला अंदाज आहे रे तुझा."

त्यांनी फोन कट केला.

दादा भडकले, पण धाकटीवर. "इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. तू हात लावलास आणि बिघडलं!"

प्रश्नावलीत चौदावा प्रश्न होता: गेल्या पाच वर्षांत कुणी बाहेरच्या माणसानं तुमच्या ग्राहकांची माहिती पाहिली आहे का?

"'नाही' लिही," दादा म्हणाले.

"दादा, आपल्यासमोर त्यानं कबूल केलंय."

"तो बाहेरचा कुठे? मेहुणा आहे!"

धाकटीनं बाहेरगावी असलेल्या नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "दादा म्हणतो तसं कर, उगाच वाकड्यात कशाला शिरतेस?" तिनं फोन ठेवला आणि "हो" लिहिलं. खाली कधीपासून, कुठून, काय काय पाहिलं ते दोन पानं भरून लिहिलं. पण सही भागीदाराची लागत होती. दादा तर पेन शोधण्याच्या निमित्तानं घरी निघून गेले होते. दुसऱ्या भागीदार कागदोपत्री जाऊबाई होत्या. पंधरा वर्षं दादा बोट ठेवतील तिथे सही करत आलेल्या. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, एके ठिकाणी भावाचं नाव चुकलं होतं ते दुरुस्त केलं, आणि सही केली.

पुढचे दिवस वाईट गेले. दोन दवाखानेवाले ऑफिसात येऊन ओरडून गेले, एकानं काम काढून घेतलं. मेहुण्याला वकिलाची नोटीस गेली आणि घरात आठवडाभर जेवताना भांड्यांचाच तेवढा आवाज येत होता. मोठ्या ग्राहकाच्या वतीनं तपासणी करणारी बाई एक दिवस येऊन बसली. तिजोरीतली प्रत्येक नोंद बघितली, चहाही घेतला नाही. जाताना म्हणाली की करार एक वर्षाचाच वाढेल, आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा येईल.

महिन्याभरानं धंदेवाल्यांच्या मेळाव्यात दादांचं भाषण झालं. विषय होता, "मी माझ्या कंपनीतली गळती कशी पकडली." टाळ्या दणदणीत पडल्या. मागच्या रांगेत दोघी जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"त्यांना त्या तिजोरीचा पासवर्ड तरी माहीत आहे का गं?" जाऊबाईंनी हळूच विचारलं.

"त्यांचा प्रवेश मी केव्हाच काढला, ताई. तुम्ही सही केलीत त्याच दिवशी."

"मग? काही म्हणाले?"

"अजून कळलेलं नाही त्यांना," धाकटी म्हणाली, आणि दोघींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.