कडा कापलेलं बायबल

शरच्चंद्र आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर वाचन बंद. पन्नास वर्षं रोज पहाटे बायबल, त्यातला कुठला शब्द कुठे कुठे आलाय ते सांगणारी शब्दसूची आणि नकाशांचं पुस्तक पसरून बसणारा हा माणूस. दुसऱ्याच दिवशी काळा चष्मा लावून बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचताना पकडला गेला.

त्यांच्या नातीला, स्वरालीला वाटलं, हीच वेळ आहे. दहावीत गेल्यापासून तिला सगळंच जमायला लागलं होतं, बँकेत जाणं, रिक्षावाल्यांशी वाद घालणं. मग हे काय अवघड? आजोबांच्या बायबलचा पुठ्ठा कधीचा सुटला होता. तिने ते गुपचूप सदाशिव पेठेत बाइंडिंगला नेलं.

"कडा कापून सरळ करायच्या का?" दुकानाच्या विक्रमकाकांनी विचारलं.

"करा की. अगदी नव्यासारखं दिसू दे."

"समासात बरंच लिहिलंय."

"आजोबांनी लिहिलंय ते. त्यांना सगळं पाठ आहे."

शनिवारी ते हातात आलं तेव्हा काळंभोर, देखणं झालं होतं. तिने उघडलं आणि भराभर पानं उलटू लागली. आजोबांची पद्धत तिला ठाऊक होती. वचनाला लागून लाल पेन्सिलीने प्रश्न. उत्तर सापडलं, मग दहा वर्षांनी का असेना, की ते त्याच्याबाहेर, पार कडेला, निळ्या पेन्सिलीने. लाल सगळं जागेवर होतं. निळं गेलं होतं.

"काका, कापलेल्या पट्ट्या?"

"रद्दीत गेल्या. मी विचारलं होतं हं. आपणच म्हणालात, पाठ आहे."

घरी येऊन तिने बायबल आजोबांच्या मांडीवर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आजोबा अंगठ्याने पानाची कड चाचपत राहिले. समोरचा चहा गार झाला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वाच एखादा," शेवटी ते म्हणाले.

"योनाच्या डोक्यावरचा वेल देवाने एका रात्रीत का वाळवला?" तिने लाल अक्षरं वाचली. "आजोबा, उत्तर काय होतं?"

"आठवत नाही."

"तुम्हाला तर सगळं पाठ आहे ना?"

"वचनं पाठ आहेत गं. मला काय काय सुचलं, ते कोण पाठ करतं?" त्यांनी डोळा टिपला. औषधाने पाणी येतंय, म्हणाले.

स्वरालीला ते मुळीच पटलं नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलली, "मला वाटतं, देव त्याची गंमत करत होता. देवाने शहराला माफ केलं म्हणून योना रुसून बाहेर त्या वेलाच्या सावलीत बसला होता ना? रुसलेल्या माणसाची सावली काढून घेतली की तो जास्तच चिडतो. मग खरं काय ते बोलतो."

"गंमत?" आजोबा ताठ बसले. "साफ चूक."

"का पण?"

"का ते शोधावं लागेल. शब्दसूची आण."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"मला म्हणालेत. तुला कुठे बंदी आहे? 'वेल' काढ."

तिने जाडजूड शब्दसूची उघडली. "बऱ्याच ठिकाणी आहे हो, आजोबा."

"असू दे. पहिल्यापासून वाच. आणि सावकाश, मला वाद घालायचाय."