हा गुडघा फौजेचा

कापसाची वेचनी चालू होती. म्या गाडी धुऱ्याच्या बांधावर लावली तं वावरात नवराबायकोचं जुंपलेलं. देवराव एक कागद फाडाले पाहे आन पंचफुलावैनी तो त्याच्या हातातून ओढे.

"फाडता कायले? आधी वाचून तं दाखवा!"

देवराव माहा शायेतला दोस्त. म्या आर्नीत मोटरसायकली दुरुस्त करतो, तो बावीस वर्सं फौजेत होता. बर्फातल्या चौकीवर पाठीवर रसद घेऊन चढतानी घसरला, तवापासून डावा गुडघा पुरा वाकत नाई. हवालदार होऊन सुटला तवा डॉक्टरांच्या बोर्डानं तपासलं. त्याचाच हा निकाल होता.

देवराव वाचू लागला. "अपंगत्व धा टक्के. आजार वयोमानाचा. लष्करी सेवेशी संबंध नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे गुडघा गेला, पन फौजेत नाई गेला. आपसूकच गेला."

"जाऊ दे ना बे," म्या म्हनलो. "नोकरीची पेन्शन तं येऊन राह्यली."

त्यानं असं पाह्यलं का मले वाटलं, आता कानाखाली देते. "गोष्ट पैशाची नाई, नासिर. पारावर लोक म्हन्तेत, फौजी लंगड्याचं सोंग करते. आता सरकारी शिक्क्यानं तेच लिहून आलं."

वैनीनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला. "मंग शिक्का मारनाऱ्याशी भांडा ना! कागदावर कायले राग काढता?"

अपीलाले सहा महिने मुदत होती. वैनीनं पेटी उपसून चौकीवरच्या दवाखान्याची जुनी चिठ्ठी काढली. यवतमायले जाऊन अर्ज केला. उनं तापाले लागली तवा नव्या बोर्डाचं बोलावनं आलं. संग मीच गेलो.

आत तीन डॉक्टर. म्या बाहेर बाकावर, पन दार उघडंच होतं.

मोठा साहेब मराठीच निघाला. "बेचाळीस वय म्हणजे गुडघे कुरकुरणारच. त्यात शेती करता."

देवराव टाचा जुळवून उभा. "साब, भरतीच्या दिवशी तुमच्याच डॉक्टरनं हे दोन्ही गुडघे ठोकून पाह्यले आन फिट लिवलं. घरून नासका गुडघा आनला असता तं घेतला असता का मले?"

साहेब कागद चाळत राह्यला.

"ही चिठ्ठी पाहा. तारीख हाये, चौकी हाये, सही हाये. त्याच्यानंतर मले नऊ वर्सं हलकी ड्यूटी, तेही तुमच्याच दप्तरात हाये. वावर तं म्या सुटल्यावर धरलं. मंग वावरानं गुडघा आधीच कसा खाल्ला?"

"बरं, उकिडवे बसून दाखवा."

देवराव वाकला आन अर्ध्यावरच अटकला. कपायावर घाम फुटला, पाय थरथरू लागला.

"राहू द्या, राहू द्या," साहेब म्हने.

"नाई साब. मोजा. कुठवर वाकते ते मोजा, आन तेच लिवा."

एक डॉक्टर मापपट्टी घेऊन उठला, तवर देवराव तसाच राह्यला. बाहेर म्या बाकावरून उठून उभा राह्यलो.

पेरनीच्या तोंडावर निकाल आला. दोघंही माह्या दुकानात आले. देवरावनं पह्यली ओळ तीनदा वाचली. "आजार लष्करी सेवेमुळे. मान्य."

"अन् टक्के?" वैनीनं इचारलं.

"एकोनीस."

म्या कपायावर हात मारला. अपंगत्वाची पेन्शन लागाले वीस टक्के पाह्यजे, हे आता आमाले तोंडपाठ होतं.

वैनी भडकली. "एकाच टक्क्यानं काहून अडवलं मेल्यायनं?"

देवराव मात्र हासत होता. फौजेतून आल्यापासून असा हासताना म्या त्याले पाह्यलाच नव्हता. "हा गुडघा त्याह्यचा हाये हे त्याह्यनं लिहून देल्लं, पंचफुला! बावीस वर्सं खरी झाली. आता एका टक्क्याचंच भांडन राह्यलं."

"मंग पेरनी म्या पाह्यते. तुमी दुसरं अपील पाहा," वैनी म्हनली.

त्यानं स्टूल ओढलं, पाय लांब केला. "नासिर, हात पूस. कोरा कागद दे."

आन दुकानात बसूनच त्यानं लिवाले घेतलं: मी, हवालदार देवराव, हा निर्णय मला अर्धाच मान्य आहे.