पिक्चरमधली पोरगी हरते तेव्हा

पिक्चरमधली पोरगी हरू लागली की मी उठते. घरात कोणी का बसलेलं असेना, टीव्हीचं बटन दाबते आणि म्हणते, "झाला पिक्चर. जेवायला बसा."

आमच्या पोरानं, बालाजीनं, नांदेडहून सीडी लावायचा डबा आणला त्या सालापासून मला हा नाद लागला. रडके पिक्चर मला चालत नाहीत. रडायला पिक्चर कशाला लागतो? मारामारीचे आमच्या मालकांना आवडतात. मला आवडतात ते हसवता हसवता जोडी जुळवणारे, त्यातही खेळाचे. खेळात माणूस लपत नाही. गोड बोलून प्रेम कोणीही करील, हरल्यावर त्याचं तोंड कसं होतं ते पाहावं.

त्यातला एक, पळणाऱ्या पोरीचा, मी सात-आठ वेळा तरी लावला असेल. हिरो मोठा फुशारक्या मारणारा. तिच्यासंगं पळायला जातो आणि चिखलात आपटतो. तिथवर पिक्चर सोन्यासारखा. शेवटाला मात्र ती पोरगी त्याचा मान राखायला मुद्दाम मागं राहते, तो जिंकतो, समदे टाळ्या पिटतात आणि लग्न. तो शेवट मी एकदाच पाहिला, तोही अर्धा.

माझी नात वैष्णवी म्हणायची, "आजी, गंमत असती ती. तू लई मनावर घेतीस."

"तू कबड्डीत कोणाला गंमत म्हणून सोडतीस का?"

यावर ती हसायची. कळमनुरीच्या कॉलेजातून जिल्ह्याला खेळून आलेली पोरगी. तिनं घोटा धरला की सुटत नसे.

तिला पाहायला सिद्धेश्वरकडचा देविदास आला, संगं त्याचा मामा. धरणाखाली रान आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं. मामा म्हणाला, "पोरीला जरा चालून दाखवा."

मी म्हणाले, "ती पळती. चालण्याचं काय पाहता? बसा, पिक्चर पाहा." आणि तोच लावला. बालाजीनं कपाळाला हात लावला.

हिरो चिखलात आपटला तेव्हा मामानं तोंड वाकडं केलं. देविदास मात्र इतका हसला की कपातला चहा त्याच्या पांढऱ्या पँटीवर सांडला. मी मनात तिथंच होकार देऊन टाकला.

पाहुणे गेल्यावर बालाजी म्हणाला, "आई, सोयरीक पिक्चरवरून ठरवतात व्हय?"

"तुझी जमिनीवरून ठरवली व्हती. कसं चाललंय ते बायकोला इचार."

सुनेनं आत भांडं जरा जोरात ठेवलं. कोणाच्या बाजूनं ठेवलं ते कळलं नाही.

लग्नानंतर पोरीला खेळू देऊ, असं देविदास म्हणाला होता. पण लग्नाआधी समदेच म्हणतात. आणि पडद्यावरचा दुसरा आपटला की हसायला काय जातं? माझ्या जिवाला तोच घोर होता. पोरीचा जन्म मी एका हसण्यावर लावला होता.

वैशाखात लग्न झालं. मी पाठराखीण म्हणून तिच्यासंगं गेले. पाठराखणीनं नवरीजवळ बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं पहिलं मला जमतं.

दुसऱ्या दिवशी हळद उतरवायला दोघांना अंगणात पाटावर बसवलं. मग सुपारीचा खेळ. नवरी मुठीत सुपारी धरते आणि नवऱ्यानं एका हातानं ती मूठ उघडायची. माझ्या लग्नात मी चौदा वर्षांची होते. मालकांना घाम फुटला होता. माझ्या मावशीनं मागून चिमटा काढला, "सोड गं, त्याचा मान ऱ्हाऊ दे." मी सोडली. तेव्हापासून घरात मी तोंड तेवढं चालवते. शेवटाला सोडते मीच, आणि सोडलं ते कोणाला कळू देत नाही.

देविदासनं पहिल्यांदा जोर लावला. मूठ हलली नाही. दुसऱ्यांदा लावला.

"एवढाल्या मोटारी खोलतूस, मूठ खोलंना व्हय रे?" कोणीतरी म्हणालं. बाया हसल्या. देविदासचे कान लाल झाले. तो हसत नव्हता.

मामा पुढं आला. "सूनबाई, सोडा आता. लोक पाहून राहिलेत."

वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं. आणि काय सांगू, 'सोड' हा शब्द माझ्याच जिभेवर येऊन बसला होता. हिला इथं राहायचंय, एका सुपारीपायी काहून वैर घ्यावं? बराबर मावशीचाच हिशेब. मी पदर दातात धरला आणि मान खाली घातली.

देविदासनं हात काढून घेतला आणि मनगट झटकलं.

"न्हाई निघत, मामा. नट असता तर पाना लावला असता." आणि तो हसला. चहा सांडला होता तेव्हाचंच हसणं.

वैष्णवीनं आपल्या हातानं मूठ उघडली. "घ्या."

"आता न्हाई. हरलेल्याला कोणी देतं व्हय?"

मामा उठून मांडवाबाहेर गेला. कोणी त्याला बोलवायला गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले. मालक ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी समदं सांगितलं, आणि त्या भरात बोलून गेले, "माझी मूठबी तुमच्यानं उघडली नव्हती. मी सोडली व्हती."

"ठावं हाय," ते म्हणाले.

"कवापासून?"

"तवापासून. बोटं आपसूक सैल झाली की कळतं माणसाला."

"मग बोलले काहून न्हाईत?"

त्यांनी खांड तोंडात टाकलं. "समदे नाचून राहिले व्हते. मीबी नाचलो."

मी अडकित्ता घेऊन उरलेली सुपारी त्यांना कातरून दिली. असं फार वेळा होत नाही.

संध्याकाळी तोच पिक्चर लावला. पोरगी मागं राहायला लागली तसे मालक म्हणाले, "ऊठ, बटन दाब की."

मी बसून राहिले. आजवर मी पोरीकडंच पाहत आले होते. आज हिरोचं तोंड पाहायचं होतं.